अर्ध्या आंग्स्ट्रॉमचा फरक : सॅपो-34 मेम्ब्रेनच्या प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर 2024

3 जून, सोमवार

नवी वही. जुनीत शेवटची पंधरा पानं नुसती खाडाखोड आहे, म्हणून मुद्दाम नवीन घेतली.

काम असं : बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड गाळून बाहेर काढायचा आणि मिथेन मागे ठेवायचा. गोबर असो की साखर कारखान्याचं सांडपाणी, बायोगॅसमध्ये साधारण पन्नास ते साठ टक्के मिथेन, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. आज प्रकल्पांवर पाण्याने धुऊन, अमाइनने किंवा दाब कमीजास्त करून शोषकांनी तो काढतात. आपल्याला चाळणी हवी : सॅपो-34 या सच्छिद्र स्फटिकाचा पातळ पापुद्रा, म्हणजेच मेम्ब्रेन. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूची रुंदी 0.33 नॅनोमीटर, मिथेनची 0.38. फरक अर्ध्या आंग्स्ट्रॉमचा. सॅपो-34च्या छिद्राचं तोंडही 0.38 नॅनोमीटर, त्यामुळे मिथेन दारात अंग चोरून जातो आणि कार्बन डायऑक्साइड सरळ आत शिरतो. शिवाय त्याला भिंतीला चिकटून बसायची सवय. दोन्ही वायू एकत्र सोडले की तो आधी जागा धरतो आणि मिथेनला आत पाय ठेवायला जागा उरत नाही. पुण्याहून भरून निघालेल्या सिंहगड एक्स्प्रेसमध्ये लोणावळ्याला चढणाऱ्याचं जे होतं तेच.

आम्ही सॅपो-34ला सर्रास झिओलाइट म्हणतो, पण काटेकोर बोलायचं तर झिओलाइट म्हणजे अल्युमिनोसिलिकेट, अल्युमिनियम आणि सिलिकॉनची जाळी. सॅपोमध्ये फॉस्फरसही असतो, 1984 मध्ये युनियन कार्बाइडच्या संशोधकांनी हे कुटुंब जाहीर केलं. पण 34 नंबरची जाळी थेट चॅबझाइट या खनिजाची आहे, आणि चॅबझाइट आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत सापडतं. सरांच्या टेबलावर वाघोलीच्या खाणीतला स्टिल्बाइटचा गुच्छ आहे. 1756 मध्ये क्रॉनस्टेट या स्वीडिश माणसाने असाच दगड तापवला, त्यातून वाफ फसफसून निघाली, म्हणून नाव पडलं झिओलाइट, उकळणारा दगड. बोरघाटात रेल्वेसाठी कडे फोडले तेव्हा असे स्फटिक ढिगाने निघाले होते. निसर्गाने ते बेसाल्टच्या पोकळीत सावकाश केलं. मला चोवीस तासांत, सच्छिद्र नळीच्या आत, तीन मायक्रॉनहून पातळ आणि एकही भेग न ठेवता करायचंय.

सरांनी उद्दिष्ट सांगितलं : सिलेक्टिव्हिटी, म्हणजे मेम्ब्रेनमधून कार्बन डायऑक्साइड मिथेनच्या किती पट सहज जातो तो आकडा, 40च्या वर. आणि एक अट. "एक मेम्ब्रेन चांगली निघाली म्हणून सांगायला येऊ नकोस. तीन झाल्या की ये."

7 जून

बी तयार करणं चालू. मेम्ब्रेन कोऱ्या नळीवर सरळ वाढवली तर स्फटिक मनाला येईल तिथे उगवतात, म्हणून आधी बारीक स्फटिकांचं बी पेरायचं आणि मग त्यावर पापुद्रा वाढवायचा. दही लावण्यासारखंच, विरजण चांगलं तर दही चांगलं.

अल्युमिनियम आयसोप्रोपॉक्साइड, फॉस्फोरिक आम्ल, पाणी. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा वास दुपारभर. मग कोलॉइडल सिलिका, शेवटी टेट्राइथिल अमोनियम हायड्रॉक्साइड, लॅबच्या भाषेत टीईएओएच. हा साचा : जाळी याच्या रेणूभोवती विणली जाते आणि तो पिंजऱ्यात अडकून राहतो. नंतर तो जाळून काढायचा. या सगळ्या गोष्टीत महाग तोच.

एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी जाळी ओळखायच्या तपासणीत, 9.5 अंशांवर हवं ते शिखर आलं, पण 7.4वर एक छोटं टेंगूळही. ते सॅपो-5चं. त्याची छिद्रं सॅपो-34च्या जवळजवळ दुप्पट. असं बी पेरलं तर चाळणीत स्वतःच भोकं पेरल्यासारखं. बॅच टाकून दिली. ढवळणं कमी पडलं असा संशय आहे. पुढची रात्रभर ढवळायची.

10 जून

रात्रभर ढवळलेली बॅच स्वच्छ. सूक्ष्मदर्शकात साखरेच्या चौकोनी दाण्यांसारखे स्फटिक, अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास.

12 जून

नळ्या आल्या. अल्फा अल्युमिना, आतला व्यास 7 मिलिमीटर, आतल्या थराची छिद्रं 0.1 मायक्रॉन. वर्कशॉपच्या काकांनी हिऱ्याच्या चकतीने तुकडे केले आणि दोन्ही टोकांना काच चढवून दिली, म्हणजे सील बसेल तिथून वायू झिरपणार नाही. मधे 5 सेंटिमीटर उघडं राहिलं. क्षेत्रफळ 11 चौरस सेंटिमीटर, पोस्टाच्या दोन तिकिटांएवढं.

बी नळीच्या आत चोळायचं साधन : कान साफ करायची कापसाची काडी. हसू येतं, पण कोलोरॅडो विद्यापीठाच्या ज्या गटाने सॅपो-34च्या मेम्ब्रेनवर सर्वांत जास्त काम केलंय, तेही कोरडं बी कापसाच्या काडीनेच चोळत. आधी-नंतर वजन घेतलं : नळीमागे 5 ते 6 मिलिग्रॅम. हे जास्त आहे की कमी, आज सांगता येत नाही.

15 जून

पहिल्या चार नळ्या, एम-1 ते एम-4, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सहन करणाऱ्या बंद भांड्यात. बाहेरून टेफ्लॉनची पट्टी गुंडाळली, म्हणजे पापुद्रा फक्त आत वाढेल. 210 अंश, 24 तास.

17 जून

आजची चाचणी मला या सगळ्या कामात सर्वांत आवडते, कारण तिच्यात वाद नाही. साचा अजून जाळलेला नसतो, प्रत्येक पिंजऱ्यात टीईएओएचचा तुकडा बूच बसवल्यासारखा असतो. म्हणजे नळी नायट्रोजनलाही बंद हवी. एका बाजूने दाब द्यायचा, दुसऱ्या बाजूला साबणाच्या फुग्याचा फ्लोमीटर. फुगा हलला तर मेम्ब्रेन गेली, जाळण्यात वीज घालवू नका.

एम-1 हलला. एम-2 हलला. एम-4चा फुगा तर पळाला. फक्त एम-3 स्थिर. दहा मिनिटं डोळे लावून बसले.

18 जून

एम-1 कापून बघितली. वरच्या सेंटिमीटरभरात पापुद्राच नाही, नुसतं बी. म्हणजे नळीत वरच्या टोकाला हवेचा फुगा अडकला होता आणि जेल, म्हणजे ज्यातून पापुद्रा वाढतो ते मिश्रण, तिथे पोहोचलंच नाही. रसायनशास्त्र वगैरे काही नाही. आता ड्रॉपरने तळापासून हळूहळू भरायचं, टिचक्या मारायच्या, पाच मिनिटं थांबायचं, मग झाकण. ज्युनिअर म्हणाली, "ताई, हे सलाइन लावण्याआधी नर्स करतात तसंच आहे." अगदी तसंच.

1 जुलै, सोमवार

शनिवारी दुपारी एम-5 आणि एम-6 लावल्या, रविवारी दुपारी काढायच्या होत्या. रविवारी दोन्ही पालख्या शहरात. रस्ते बंद, आमच्या गल्लीतून बाहेर पडायलाच तास. वारकऱ्यांना चहा देत उभी राहिले आणि ऑटोक्लेव्हचा विचार सोडला. आज सकाळी उघडल्या. चोवीसच्या जागी 44 तास झाले.

नायट्रोजन दोन्हींतून शून्य! मोह होतो की हीच कृती ठेवावी. पण जाडी नऊ मायक्रॉनच्या पुढे असणार. एवढ्या जाडीतून वायू किती जाईल हा प्रश्न आहेच. जाड पापुद्रा नायट्रोजनच्या चाचणीत पास होतो कारण वरचा थर खालच्या थराची चूक झाकतो. तो जाळल्यावर काय करतो ते बघू.

9 जुलै

एम-3, 5 आणि 6 जाळल्या. मिनिटाला एक अंश या वेगाने 400 अंशांपर्यंत, तिथे आठ तास.

एम-6 : कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन यांची सिलेक्टिव्हिटी 0.9. एकाहून कमी! ज्युनिअरला वाटलं नळ्या उलट्या जोडल्या गेल्या. नाही. हा आकडा नीट वाचला तर पूर्ण कथा सांगतो. भेगेतून वायू जातात तेव्हा छिद्राच्या रुंदीची चाळण उरत नाही, हलका रेणू जास्त वेगाने पळतो एवढंच. मिथेनचं वजन 16, कार्बन डायऑक्साइडचं 44; भागाकाराचं वर्गमूळ काढलं की 0.6. म्हणजे नुसत्या भेगाच असत्या तर 0.6 आलं असतं. 0.9 म्हणजे जवळजवळ सगळा प्रवाह भेगांतून, झिओलाइटचा वाटा चिमूटभर.

एम-5 : 1.3. एम-3, जी तिघींत पातळ, ती 8.

भेगा मोजायला आयसोब्यूटेन वापरतोय. त्याची रुंदी 0.5 नॅनोमीटर, सॅपो-34च्या दारातून तो जाऊच शकत नाही, म्हणून जो काही येतो तो भेगेतूनच. बरेच जण यासाठी सल्फर हेक्साफ्लोराइड वापरतात, पण सरांनी साफ नाही म्हटलं : वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त, आणि आपण इथे हवामानाच्या नावाने पैसे आणलेत.

16 जुलै

सूक्ष्मदर्शकाचा नंबर आज लागला. एम-6 वरून बघितली तर उन्हाळ्यातलं आटलेलं तळं. एम-3वर एक-दोन केसासारख्या रेघा.

कारण समजायला वेळ लागला, आता पक्कं लिहून ठेवते. अल्युमिनाची नळी तापवली की फुगते. चॅबझाइट घराण्यातली जाळी तापवली की उलट आकसते. शिवाय साचा निघून गेला की जाळीचा आकार पुन्हा जरा बदलतो. दोघं एकमेकांना घट्ट चिकटलेले, एक बाहेर ओढतोय, एक आत. ताण साठतो आणि कुठेतरी फाटतो. पापुद्रा जितका जाड तितकी साठलेली ऊर्जा जास्त, तितकी भेग पडायला सोपी.

आजपर्यंत मी समजत होते की पातळ करायचं ते वायू जास्त जावा म्हणून, आणि पातळ म्हणजे जोखीम. उलटंच आहे. पालखीच्या दिवशी जी जाडी पुण्याई वाटली तीच फाटली.

मग बी किती चोळायचं याचा साधा हिशेब : 11 चौरस सेंटिमीटरवर एक मायक्रॉनचा थर म्हणजे फार तर दीड मिलिग्रॅम. मी 6 चोळत होते. बियाचाच थर चार-पाच मायक्रॉन, त्यावर वाढ वेगळी. हा गुणाकार जूनमध्ये करायला कुणी अडवलं होतं?

22 जुलै

नवी कृती. बी 1.5 मिलिग्रॅम, 15 तास. एम-7, एम-8. नायट्रोजन शून्य. भट्टीचा वेग मिनिटाला 0.6 अंश. वर जायला साडेदहा तास, वर आठ तास, उतरायला पुन्हा साडेदहा. सगळे मिळून 29 तास. बुधवारी लावते.

25 जुलै, गुरुवार

पहाटेपासून खडकवासल्यातून विसर्ग. सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांत पाणी. लॅबला जायचा प्रश्नच नव्हता. रखवालदारांचा फोन : वीज रात्रीच गेली.

26 जुलै

भट्टीच्या नोंदीत शेवटचा आकडा 312 अंश, त्यापुढे कोरं. 312वरून आपोआप, वाटेल त्या वेगाने थंड झाली. एम-7, एम-8 दोन्हींतून आयसोब्यूटेन भरपूर येतोय. साचाही अर्धा जळालेला, पांढऱ्या नळ्या आतून तपकिरी. ज्यांची घरं भिजली त्यांच्यापुढे दोन नळ्यांचं दुःख सांगू नये. पण 0.6 अंशांचा प्रयोग झालाच नाही, त्यामुळे निष्कर्ष काहीच नाही. तपकिरी नळ्या ठेवून दिल्यात, पुढे सील तपासायला होतील.

5 ऑगस्ट

एम-9.

दुपारी चार वाजता क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातला प्रत्येक वायू वेगळा मोजणाऱ्या यंत्रावर, मिथेनचं शिखर दिसेना म्हणून सिलिंडर संपला असं वाटलं. संपला नव्हता. शिखर होतं, इतकं छोटं की पट्टी बदलावी लागली.

आत येणारा वायू निम्मा-निम्मा, गेजवर 3 बार. बाहेर येणाऱ्यात 96.2 टक्के कार्बन डायऑक्साइड, 3.8 टक्के मिथेन. प्रवाह मिनिटाला 48 मिलिलिटर.

इथे फसायला दोन जागा आहेत. पहिली : 96.2ला 3.8ने भागलं की 25 येतं, पण ते फक्त दोन बाजूंच्या मिश्रणांची तुलना. मेम्ब्रेनचा स्वतःचा गुण हवा तर प्रत्येक वायूला ढकलणारा दाब किती ते धरून भागायला हवं. कार्बन डायऑक्साइड पलीकडे आधीच गर्दी करून बसलेला असतो, त्याला ढकलणारा दाब मिथेनच्या जवळजवळ निम्मा. तसं केलं की 48. दुसरी : हे 48 पलीकडे 1 बार धरून. पुणे समुद्रसपाटीवर नाही. इथे हवेचा दाब 0.95 बारच्या आसपास. गेजचे 3 बार म्हणजे इथे 3.95. पुन्हा मांडलं, 46.

46 लिहायचं. पारगम्यता, म्हणजे ठरावीक दाबाला ठरावीक क्षेत्रातून किती वायू जातो, 2.5 गुणिले 10चा उणे सातवा घात, एसआय एककांत. उद्योगवाल्यांच्या भाषेत 750 जीपीयू. कोलोरॅडोवाल्यांचे आकडे शंभराच्या वर आहेत, त्यामुळे पेढे नाहीत. पण सरांची अट 40ची आहे.

सरांना सांगितलं नाही. तीन.

12 ऑगस्ट

एम-10 : 34. एम-11 नायट्रोजनलाच नापास. काच चढवलेल्या टोकापाशी पापुद्रा नीट धरलेला नाही. दिवसभर ओ-रिंगवर संशय घेतला, नळीच्या जागी पोलादी दांडा बसवून सील तपासलं, सील निर्दोष.

20 ऑगस्ट

पंधरा ऑगस्ट गुरुवारी, त्याला जोडून रजा, मग शनिवार-रविवार, काल राखी. लॅब पाच दिवस जवळपास रिकामी. ज्युनिअर जळगावला घरी. एम-9 मोड्यूलमध्येच, म्हणजे मोजणीच्या नळकांड्यातच, राहिली, दोन्ही तोंडं उघडी, बाहेर ऑगस्टमधली पुण्याची हवा.

आज मोजली. प्रवाह एक तृतीयांशाने कमी, सिलेक्टिव्हिटी 19.

पाणी भरलं असेल, सॅपो-34ला पाण्याची तहान मोठी. हेलियम सोडत 200 अंशांवर रात्रभर सुकवते.

21 ऑगस्ट

प्रवाह बराचसा परत आला. सिलेक्टिव्हिटी 24. आयसोब्यूटेन मात्र दुपटीहून जास्त. म्हणजे पाणी नुसतं बसून गेलं नाही, काहीतरी तोडून गेलं. साचा काढलेला सॅपो-34 दमट हवेत साध्या तापमानालाही हळूहळू ढासळतो, पाण्याने जाळीतले बंध सुटतात, हे वाचलेलं होतं. वाचणं वेगळं आणि आपली एकुलती एक चांगली नळी गमावणं वेगळं.

ज्युनिअर रडकुंडीला. चूक तिची नाही. "काम संपलं की डेसिकेटरमध्ये" (म्हणजे आत हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. आता दारावर मोठ्या अक्षरांत लावलंय.

सरांचा मुद्दा जास्त बोचला. "अगं, खरा बायोगॅस काय कोरडा येतो? पाण्याने भिजलेला येतो, वर हायड्रोजन सल्फाइड." बरोबर आहे. आधी सुकवावा लागणार, आणि त्याचा खर्च धरावा लागणार. किंवा हीच जाळी जास्त सिलिकाची, एसएसझेड-13ची, जी पाण्याला कमी भुलते. त्याचा साचा टीईएओएचहूनही महाग. वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवलं.

27 ऑगस्ट

रात्री सुचलं आणि सकाळी करून बघितलं. पाणी पिंजऱ्यांत भरतं, म्हणजे झिओलाइटची वाट बंद होते. मग त्या वेळी जे काही पलीकडे जातं ते फक्त भेगांतून. जो शत्रू आहे त्यालाच मोजमापाला लावायचं. (नंतर शोधलं तर हे कोलोरॅडोच्याच गटाने वीसेक वर्षांपूर्वी करून ठेवलेलं. असो.)

हेलियम पाण्यातून बुडबुडत नेला आणि तीन नळ्यांवर सोडला. फाटकी एम-6 : प्रवाह जेमतेम हलला, 95 टक्के तसाच. एम-9 : 7 टक्के उरला. एम-10 : 2 टक्के.

एम-10चा आकडा बघून थांबले. भेगा एम-9हून कमी, तरी सिलेक्टिव्हिटी 34 का? एक शक्यता : साचा पूर्ण जळालेला नाही, काही पिंजरे अजून बूच लागलेले, आणि त्यामुळे झिओलाइटचा प्रवाहच कमी. मग थोड्याशा भेगाही आकड्यात जड पडतात. सुकवून पुन्हा 400 अंशांवर चार तास द्यायला हरकत नाही. पण त्याआधी ती भिजवलेली आहे, म्हणजे बरी झाली किंवा बिघडली तरी कारण सांगता येणार नाही. हा प्रयोग आता फक्त टाकाऊ नळ्यांवर, चांगल्यांवर नाही.

6 सप्टेंबर, शुक्रवार

एम-12 : 52. भट्टीला आता यूपीएस आहे, 400 अंशांवर आठऐवजी बारा तास दिले. मोजून झाल्या झाल्या डेसिकेटरमध्ये. उद्या गणपती. घरी मखर अर्धवट आहे, निघते.

18 सप्टेंबर, बुधवार

विसर्जनाच्या ढोलांनी कान अजून बधिर. एम-13 सकाळी मोजली : 44. दुपारी पुन्हा : 43. जाडीसाठी सोबतची चाचणी नळी कापली, साधारण अडीच मायक्रॉन.

सरांकडे गेले. 46, 52, 44. तीन.

सरांनी वही मागे-पुढे चाळली, 21 ऑगस्टच्या पानावर थांबले.

"नऊ नंबर आज किती देते?"

"चोवीस."

"मग दोनच झाल्या की."

एम-14 आणि एम-15चं जेल ढवळायला लावलंय. डेसिकेटरमधली सिलिका जेल गुलाबी झाली होती, ओव्हनमध्ये टाकली. काकांकडे सहा नळ्या काचेसाठी दिल्यात, सोमवारी मिळतील.